पिंपावरची रेघ आणि चाळीस लिटर समुद्र

अन्याय झाला तो शालन नावाच्या बाईवर. राहणार म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा. वेळ: सहा वर्षांपूर्वीच्या बेंदराचा दुसरा दिवस, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. ठिकाण: म्हसवडचा एसटी स्टँड, सांगलीच्या गाडीची पायरी. साक्षीदार: गाडीतले सगळे, एक कंडक्टर आणि माझे आप्पा. अन्याय करणारी मी. शालन माझी आई.

पत्रक असंच सुरू करावं, असं मला शिकवलंय. कुणावर, कधी, कुठं, कुणी. विशेषणं नंतर. सहा वर्षं मी आरोपीच्या जागी दुसऱ्यांची नावं भरत आले आणि खरं सांगते, त्यात मजा आली. आज स्वतःचं भरते. गावात राहिलेल्यांनी हे वाचावं. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनी तर वाचावंच, कारण हा गुन्हा आपल्यापैकी बहुतेकांनी केलाय. फक्त स्टँड वेगळा.

त्या सकाळी आईच्या हाताचा हुरमुंजाचा रंग गेला नव्हता. बेंदूर हा बैलांचा सण; आदल्या दिवशी चुलत्याच्या बैलांची शिंगं रंगवून बोटं लाल झाली होती. त्याच बोटांनी तिनं माझ्या पिशवीत भाकऱ्या कोंबल्या, शेंगदाण्याची चटणी कोंबली, आणि मग एक लहानसं चिंधीचं गाठोडं काढलं. त्यात कोळशाचे तीन तुकडे.

"खोलीत गेलीस की आधी पिंपावर रेघ वढ," ती म्हणाली. "मग घागर बुडव. नवी जागा हाय, तिथलं ऊन किती पाणी पितंय ते आपल्याला ठावं न्हाई."

आमच्या आळीत ही रेघ प्रत्येकाच्या पिंपावर असते. टँकर येऊन गेला की बाई आधी कोळसा घेते आणि पाणी जिथवर आलंय तिथं रेघ ओढते. संध्याकाळी दुसरी. दोन रेघांमधलं अंतर बघून ती सांगते की घरानं किती वापरलं, उन्हानं किती प्यालं, आणि आपण शेतात असताना शेजारणीनं किती नेलं. भांडणं त्या रेघेवर होतात आणि मिटतातही रेघेवरच. माझं सगळं लहानपण त्या काळ्या रेघांच्या हिशेबानं अंघोळ करण्यात गेलं.

आणि मी काय केलं? गाठोडं बघून मला लाज वाटली. सांगलीला नोकरीला चाललेली, बी.ए. झालेली मुलगी, हातात कोळसा. मी पायरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, सांगलीत कृष्णा हाय! तिथं कुणी रेघा वढत न्हाई. तुला काय कळतंय त्यातलं?"

गाडी हसली. खिडकीतले एक आजोबा म्हणाले, "खरं हाय पोरीचं." आप्पा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, दुसरीकडं बघायला लागले. आणि आईसुद्धा हसली. ते हसणं मला तेव्हा होकार वाटलं. गाठोडं मी डोक्यावरच्या कॅरियरवर टाकलं आणि सांगलीला उतरताना मुद्दाम तिथंच ठेवलं.

सांगलीत नळाला पाणी होतं. पहिल्या रविवारी मी दोन बादल्यांनी अंघोळ केली आणि जग जिंकल्यासारखी गाणं म्हणत बाहेर आले. नोकरी दुष्काळी गावांच्या पाणीहक्कासाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होती. काम दोन: पत्रकं लिहायची आणि गावोगाव फिरायचं. आज जत, परवा आटपाडी, मग उंब्रज, रहिमतपूर, पुन्हा सांगली. महिन्यातले निम्मे दिवस पाय गाडीत. खोल्याही चार बदलल्या, कारण अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालकाला अचानक पुतण्या आठवतो. आईनं कुंडीसकट दिलेली तुळस दुसऱ्या खोलीत वाळली. तिसरीत मनीप्लांट गेलं.

गेल्या वर्षी बेंदराला गावी गेले तेव्हा पुरणपोळी वाढता वाढता हे माझ्या तोंडून निसटलं आणि आप्पांना तोफ सापडली.

"मनीप्लांट मेलं?" ते म्हणाले. "आगं, त्याला मरायला सुटी मिळत न्हाई! आमच्या चौकीवर बारा हजार फुटावर डालड्याच्या डब्यात जगलं ते. तू सांगलीत मारलंस?"

"आप्पा, मी फिरतीवर असते."

"तेच म्हंतोय. फिरत्या पायाला घर नसतंय, आश्वे. गाशा गुंडाळ आणि ये. हितल्या पतसंस्थेत जागा हाय, मी बोलून ठेवलंय."

बोलून ठेवलंय! मला न विचारता! माझ्या आयुष्याबद्दल! मी ताट सरकवलं. आता माणसं रागात काय काय बोलतात ते बघा. त्याच्या आठवडाभर आधी मी मिरजेला आमच्या संस्थेच्या कामात येणाऱ्या एका नर्सताईंकडं गेले होते. शिफ्ट ड्यूटी, घरात एकट्या, आणि खिडकीपासून लांब एका कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यात जिवंत प्रवाळ. वाऱ्याशिवाय हलणारं हिरवं गवत, आणि त्यातली प्रत्येक काडी म्हणजे एक जीव. मी अर्धा तास बोलायची विसरले होते. हे कुणालाही विचारा, तसं सहसा होत नाही.

तर मी आप्पांना म्हणाले, "पुढच्या बेंदरापर्यंत मी जितं पोवळं जगवून दाखवते. माझ्या खोलीत. फिरती सांभाळून."

पोवळं म्हणजे आईच्या माळेतला लाल मणी. तेवढंच आमच्या घराला माहीत. आई पोळपाटावरून वळली. "पोवळं जितं असतंय व्हय?"

"असतंय," आप्पा म्हणाले. त्यांची एक पोस्टिंग अंदमानला झाली होती. "नावेतून खाली बघितलं की बाग. मी सांगितलं न्हवतं का तुला?"

"तुमी लय सांगितलं," आई म्हणाली. "दावलं कवा?" आईनं आजवर समुद्र पाहिलेला नाही.

पैज ठरली. बेंदूर ते बेंदूर. जगलं, तर 'परत ये' हा शब्द आप्पांनी पुन्हा काढायचा नाही. मेलं, तर मी गाशा गुंडाळून पतसंस्थेत. मी हात पुढं केला, आप्पांनी फौजी पद्धतीनं हलवला. पाच वर्षांचं माझं काम, माझी खोली, माझं फिरणं, सगळं मी एका अशा जिवावर लावलं ज्याचं पोट कुठं असतं हेही मला माहीत नव्हतं.

टाकी निवडायला गेले तेव्हा पहिली लढाई दुकानात झाली. दुकानदारानं हंड्याएवढा काचेचा गोळा पुढं केला. "हा घ्या मॅडम, नॅनो. झीरो मेंटेनन्स. बघायलाच नको."

"बघायचंच नसेल तर आणू कशाला?"

"तसं नव्हं मॅडम, म्हंजे त्रास न्हाई."

खोटं. धडधडीत खोटं, आणि ते प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं. नर्सताईंनी मला आधीच बजावलं होतं की पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. वाटीभर दूध उन्हात ठेवा आणि कॅनभर ठेवा, आधी काय नासतं? बरं, मोठी टाकी घ्यावी तर ती पुढच्या खोलीवर न्यायची कशी? म्हणून मी माझा नियम केला: रिकामी केल्यावर दोन बायकांना जिन्यानं उतरवता आली पाहिजे, आणि चार दिवस मी नसले तरी तिनं रडता कामा नये. चाळीस लिटरची निघाली. गाळणी मागच्या कप्प्यातच बसवलेली, त्यामुळं बाहेर नळ्यांचं जंजाळ नाही. दिव्याला टायमर, सकाळी दहाला लागणार, संध्याकाळी सहाला विझणार. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप. संपलं.

दुकानदारानं मग काउंटरखालून एक पांढरं, फांद्यांचं काहीतरी काढलं. "समुद्रातलं ओरिजिनल. बाकी कुणाकडं मिळणार न्हाई." नाहीच मिळणार, कारण समुद्रातलं दगडी प्रवाळ तोडायला आणि विकायला कायद्यानं बंदी आहे. ते मी त्याला आवाज चढवून सांगितलं. त्यानं ते घाईनं परत खाली सारलं. मी भाजलेल्या मातीचे कृत्रिम दगड घेतले आणि निघाले. प्रवाळाचे तुकडे नर्सताईच देणार होत्या, त्यांच्या टाकीत वाढून जास्त झालेले. मऊ जातीचे, चिवट.

दुसरी लढाई खालच्या मजल्यावर. आमच्या घरमालकीण, काकी, जैन. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. त्या दारातच आडव्या झाल्या.

"मासं आणणार तू आणि चार-चार दिवस उंडारणार. ते बिचारे उपाशी मरणार, आणि पाप माझ्या छताखाली. चालणार नाही."

मी तावातावानं भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्यांचं बरोबर होतं. फिरतीवरच्या माणसानं रोज खायला मागणारा जीव ठेवूच नये. नर्सताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मासे घालूच नकोस. ही प्रवाळं उजेडावर जगतात. त्यांच्या अंगातच त्यांचं शेत असतं."

काकींना हे सांगितलं. त्यांनी दोनदा वदवून घेतलं. "उजेड खातंय? मग माझ्यापेक्षा सात्त्विक हाय की गं." आणि दार सोडलं. एवढंच नाही, मी नसताना टाकीकडं बघायचंही कबूल केलं.

पहिला महिना टाकीत फक्त पाणी, मीठ आणि दगड. पाणी मुरू द्यावं लागतं. बघायला येणारे विचारायचे, "मासं कुठायत?" मी म्हणायचे, "मोर्चा अजून जमतोय." मग एका रविवारी नर्सताई डब्यातून तीन तुकडे घेऊन आल्या. एक तपकिरी छत्री, एक झाडासारखं, आणि एक जांभळी चटई. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागला आणि अर्ध्या तासानं त्या चटईतून हिरवे तारे बाहेर आले. शेकडो. मी बॅग खांद्यावर घेऊन दारात उभी होते, जतची गाडी होती, आणि ती मी चुकवली.

पावसाळा गेला, थंडी गेली. दर दहा दिवसांनी एक बादली पाणी बदलायचं, काच पुसायची. मी फिरत होते, टाकी जगत होती. आप्पांना दर आठवड्याला फोटो. ते उत्तरात फक्त लिहायचे: "रिपोर्ट मिळाला."

आता माझी चूक. ऐका, कारण ती माणदेशातल्या मुलीनं करायची चूक नव्हे.

टाकीतलं पाणी हळूहळू उडून कमी होतं. नर्सताई म्हणाल्या होत्या, "उडालेलं भरत जा." कोणतं पाणी, हे मी विचारलं नाही. मला घोषणा सुचली होती ना! मी पत्रकासारखा कागद लिहून काकींसाठी भिंतीवर चिकटवला: 'खाऱ्या टाकीत खारंच पाणी! तडजोड नाही!' आणि मिठाचं पाणी कालवून दोन कॅन भरून ठेवले. नवं पाणी कालवताना मी खारटपणा काटेकोर मोजायचे. टाकीतलं कधीच मोजलं नाही. नवं बरोबर तर जुनंही बरोबर, असं समजले. थंडीत झाकण होतं, पाणी थोडंच उडायचं, बादल्या बदलताना निभावून गेलं. पण एप्रिलात सांगली तापली. टाकी गरम होऊ नये म्हणून मी झाकण काढलं आणि वर छोटा पंखा लावला. आता पाणी दिवसाला लिटरभर उडायला लागलं. काकी बिचाऱ्या रोज माझ्या हुकुमाप्रमाणं खारं ओतत होत्या.

मे महिन्यात उंब्रजहून परत आले तर छत्री आक्रसून शर्टाच्या बटनाएवढी झालेली. झाड लोंबलेलं. जांभळ्या चटईवर एकही तारा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बेंदराला दीड महिना होता. मी पतसंस्थेच्या काउंटरमागं बसलेली मला दिसायला लागले. नर्सताईंना फोन केला तर त्या ट्रेनिंगला परगावी, फोन बंद. मी दिवा बदलायचा विचार केला, पंप बदलायचा विचार केला, दुकानदाराविरुद्ध पत्रक काढायचा तर मजकूरसुद्धा तयार केला.

आणि तेव्हाच आई आली. मिरजेला डोळे दाखवायचे होते, तीन दिवस माझ्याकडं मुक्काम. डोळ्यांत औषध घातलेलं, अंधुक दिसत होतं, तरी ती टाकीसमोर वाकली. काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं खवलं लागलं.

"आगं, हे आपल्या बोअरच्या बादलीवाणी झालंय."

"ते मीठ आहे आई. समुद्राचं पाणी आहे."

"ते दिसतंय. कमी झालं की काय घालतीस?"

मी भिंतीवरचा कागद दाखवला. तिनं एकेक अक्षर लावत वाचला. चौथी शिकलीय ती. मग माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिची बी.ए. झालेली लेक नसून पहिल्यांदाच पाण्याला आलेली कोणी सून आहे.

"पाणी उडालं. मीठ काय पंख लावून उडलं व्हय गं?"

मी खाऱ्या पाण्याच्या कॅनकडं बघितलं.

"उन्हानं पाणी नेलं, खार तिथंच ऱ्हायला. त्यात तू रोज आनी खार वतलास. आपल्या बोअरचं पाणी कढवलं की तळाशी काय ऱ्हातंय? शेंबडं पोर सांगंल." ती सरळ झाली. "रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"भरलीस तवा पाणी कुठवर हुतं, त्याची."

रेघ नव्हती. चाळीस लिटर पाणी दहा महिने सांभाळलं, टायमर लावला, बॅटरी लावली, कायदा सांगितला, आणि रेघ नव्हती. मी खारटपणा मोजायचं यंत्र काढून टाकीतल्या पाण्यात धरलं. काटा हिरव्या पट्ट्याच्या कितीतरी पलीकडं जाऊन उभा राहिला.

मी लगेच बादली उचलली. अर्धी टाकी उपसून गोडं पाणी ओतणार होते. आईनं माझं मनगट धरलं.

"एकदम न्हाई! तहानलेल्या गुराला एकदम पाणी दावलं तर काय हुतंय? त्याला बी सवय मोडाय यळ लागतोय. रोज इवलं काढ, इवलं घाल."

काकींच्या स्वयंपाकघरातलं फिल्टरचं पाणी आलं. रोज सकाळी दोन तांबे खारं काढायचं, दोन तांबे गोडं घालायचं. आईनं माझ्या टेबलावरची लाल नेलपॉलिश घेतली आणि काचेवर एक आडवी रेघ ओढली. "कोळसा काचंवर टिकायचा न्हाई," ती म्हणाली, जसं काही आधीच सगळं ठरवून आली होती. मग भिंतीवरचा माझा कागद तिनं काढला, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. सहा वर्षांत माझ्या कुठल्याही पत्रकाचा इतका ठोस उपयोग झाला नव्हता.

तीन दिवसांचे नऊ झाले. चौथ्या दिवशी मला रहिमतपूरला जावंच लागलं. आई म्हणाली, "जा तू. मी हाय." काकी आणि ती, दोघी पदर खोचून टाकीसमोर बसायच्या. काकी म्हणायच्या, पाणी गाळून घाल, आई म्हणायची, रेघ बघून घाल.

त्या नऊ दिवसांतल्या एका दुपारी मला माझी खरी शिक्षा मिळाली. आई माझी जुनी पत्रकं चाळत बसली होती. एका ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "आश्वे, वंचित म्हंजी काय गं?"

ती ओळ मी लिहिलेली: 'दुष्काळी भागातील स्त्रिया पाणी व्यवस्थापनाच्या ज्ञानापासून वंचित आहेत.' हजारांनी छापून गावोगाव वाटलेली.

"म्हणजे... ज्यांना ते मिळालेलं नाही."

"म्हंजी आमाला येत न्हाई?" तिला राग आला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टाकीवरची लाल रेघ मला तिथून स्पष्ट दिसत होती.

आठव्या दिवशी सकाळी साडेदहाला आईनं हाक मारली. जांभळ्या चटईच्या एका कोपऱ्यात चार तारे. चारच. आई काचेला नाक लावून बसली. औषधाचा अंमल उतरला होता, डोळे स्वच्छ होते. "जितं हाय गं," ती म्हणाली. "माझ्या माळंतलं असंच हुतं का कवातरी?" दुपारपर्यंत तारे मोजता येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीत बसवायला सांगली स्टँडवर गेले. ती पायरीवर चढली. मी खाली. सहा वर्षांपूर्वीचंच दृश्य, फक्त जागा उलट. मी पत्रकवाली आहे. माफी कानात मागायची मला सवय नाही. जिथं अपमान तिथंच परतफेड, आणि त्याच आवाजात.

"आई!" मी म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी गाडीच्या पायरीवर मी तुला म्हणाले हुते, तुला काय कळतंय. ते चुकलं माझं. तुला कळतंय. मलाच न्हवतं कळत."

गाडीतल्या माना वळल्या. "हळू बोल गं," आई म्हणाली. "लोक बघत्यात."

"बघूदेत. तवा बी बघत हुते."

ती थोडी हसली. मग म्हणाली, "आनी कोळसा?"

माझं तोंड उतरलं. "गाडीतच टाकला हुता."

"ठावं हाय. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं आणून दिला. म्हणाला, पोरीचं कायतरी ऱ्हायलं." तिनं पदर सारखा केला. "मी म्हणलं, विसराळू हाय जरा."

गाडी निघाली. म्हणजे सहा वर्षं तिला माहीत होतं. सहा वर्षं ती फोनवर दर वेळी विचारत होती, "पाणी हाय का खोलीत?" आणि मी दर वेळी म्हणत होते, "आई, सांगली आहे ही."

त्या आठवड्यात मी 'वंचित' असलेली पत्रकं बाद केली. कार्यालयात थोडी कुरकुर झाली, मी तिच्यावर मोठ्यानं कुरकुरले. नव्या पत्रकाची पहिली ओळ: 'पिंपावर रेघ ओढा. उन्हानं किती प्यालं ते लिहून ठेवा.' आणि खाली, जिथं तज्ज्ञाचं नाव छापतात तिथं: शालन, म्हसवड. या उन्हाळ्यात ज्या ज्या गावात ते वाटलं, तिथं बायकांनी ते वाचून मला वेड्यात काढलं. "हे आमाला शिकवतीस व्हय?" मी म्हणाले, "न्हाई. तुमचंच हाय, चोरून नेलं हुतं, परत आणलंय." मग त्यांनीच एकेका पिंपावरचा उन्हाचा वाटा सांगितला, आणि त्या आकड्यांनिशी आम्ही तहसील कचेरीत गेलो. टँकर आठाच्या ऐवजी पाच दिवसांनी यायला लागला.

आणि बेंदूर. या वर्षीचा. आप्पा माझ्या खोलीवर कधीच आले नव्हते. या वेळी बैलांना पोळी चारून झाल्यावर आईसोबत थेट सांगलीला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, दिवा लागायच्या वेळी, टाकीसमोर हात मागं बांधून उभे राहिले, परेडला उभं राहावं तसे. तारे उघडले. छत्री बशीएवढी झाली. झाडाला दोन नवी पोरं फुटली होती.

ते काचेजवळ वाकले. मग म्हणाले, "अंदमानात असंच हुतं. असंच हालायचं."

"मग आवं, तवा का न्हाई नेलंसा मला?" आई म्हणाली.

आप्पा माझ्याकडं वळले. "हारलो. परत ये म्हणणार न्हाई. तू ड्यूटीवर ऱ्हा."

"तिला काय सांगताय?" आई म्हणाली. "ती दीड महिन्यामागं मारायच लागली हुती. जगवलं मी. पैज मी जितली."

"मग तूबी ऱ्हा हितं ड्यूटीवर!"

"ऱ्हाईन की! तुमी जाऊन भाकऱ्या थापा."

खालून काकी हसल्या, त्या जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. आई खरंच राहिली, अजून चार दिवस. आप्पांनी म्हसवडला जाऊन भाकऱ्या थापल्या, फोटो पाठवला. मी लिहिलं: "रिपोर्ट मिळाला."

मी जिंकले. म्हणजे आईनं मला जिंकवलं. पुढच्या महिन्यात वाढवलेला करारही संपतोय, काकींना पुतण्या नाही, पण झालीच खोली रिकामी तरी टाकी दोन बायका उचलतील आणि नव्या खोलीत पाणी पुन्हा लाल रेघेपर्यंत येईल. गावाकडं मी परत गेले नाही, आणि गाव मागंही राहिलं नाही. आम्ही नसताना किती पाणी उडालं हे ज्याला ठाऊक असतं ते माझं घर. म्हसवडला ते आईला ठाऊक असतं, इथं त्या रेघेला.

आता तुमचं. तुम्हीही गाव सोडलंय. सोडताना कुणाला तरी म्हणालात, "तुला काय कळतंय." नाही म्हणालो, असं मला सांगू नका. एक कागद घ्या. त्या माणसाचं नाव लिहा. जागा लिहा. वेळ लिहा, मिनिटासकट, ती तुम्हाला आठवते. खाली अन्याय करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहा. मग त्या माणसाला फोन लावा आणि चारचौघांत, मोठ्यानं, त्याला जे येतं ते शिकवायला सांगा. सणाला गेल्यावर नाही. रविवारी नाही. हा कागद खाली ठेवायच्या आधी.